मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढतं?

तानसा तलावाचं पाणी पंपाने ओढून मुंबईला नेतात, असा समज तलावालगतच्या शहापूर परिसरातही आढळतो. प्रत्यक्षात १८९२ साली धरण सुरू झालं तेव्हापासून हे पाणी उतारानेच वाहत जातं. तलाव मुंबईपेक्षा उंचावर आहे, तेवढं पुरतं. वर्गात हे दाखवायला बाकावर एक बादली, जमिनीवर एक बादली आणि पाण्याने पूर्ण भरलेली नळी हवी. नळी जोडण्याआधी मात्र मुलांना विचारावं: खालची बादली उचलत वर नेली तर काय होईल? दोन्हीकडची पाण्याची पातळी सारखी झाली की प्रवाह थांबतो.

हा ‘आधी विचारणं’ भाग सहसा गाळला जातो. प्रयोग डोळ्यांसमोर झाला की मुलांना आपोआप समजतो, हा शिक्षकांचा लाडका गैरसमज आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. प्रयोग नुसता पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची समज, तो न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. काय होईल याचा अंदाज आधी बांधणाऱ्यांची मात्र सुधारली. टाळ्या पडल्या म्हणजे विषय कळला असं नाही. उलट कधीकधी प्रयोग चुकीचं कारणच पक्कं करून जातो.

याचा नमुना म्हणजे मेणबत्तीचा प्रयोग. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. मग ठरलेलं स्पष्टीकरण येतं: प्राणवायू जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली आणि पाणी साधारण एक पंचमांश चढलं, म्हणजे हवेत २१ टक्के प्राणवायू असतो हे सिद्ध झालं. ऐकायला सुबक, पण चूक. प्राणवायू पूर्ण संपण्याच्या बऱ्याच आधी, हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास असतानाच मेणबत्ती विझते. शिवाय वापरल्या गेलेल्या प्राणवायूच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोही जागा व्यापतोच. खरं काम उष्णतेचं आहे. ग्लास ठेवताना आतली हवा तापून प्रसरण पावलेली असते. नीट पाहिलं तर कडेने बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तपासता येतं. पाणी कधी चढतं ते बघा. प्राणवायू हेच कारण असतं तर ज्योत जळत असताना पाणी हळूहळू वर सरकलं असतं. ते झपाट्याने चढतं विझताना आणि विझल्यानंतर. मग त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लासातला प्राणवायू तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. माझ्या मते हा तीन मेणबत्त्यांचा प्रयोग मूळ प्रयोगापेक्षा मोलाचा आहे.

बाटलीला तीन भोकं पाडण्याचा प्रयोगही असाच. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र कितीतरी पुस्तकांत असतं. खोली वाढली की दाब वाढतो हे खरं. म्हणूनच तानसासारख्या दगडी धरणाची भिंत तळाशी जाड असते. खालची धार सर्वांत वेगाने सुटते हेही खरं. पण बाटली टेबलावर असेल तर त्या धारेला खाली पडायला वेळच कमी मिळतो. बाटली काठोकाठ भरलेली ठेवली आणि भोकं पाव, अर्ध्या व पाऊण उंचीवर असली, तर मधली धार सर्वांत लांब पडते. वरची आणि खालची साधारण एकाच जागी. बाटली उंच कट्ट्याच्या कडेला ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्या की खालची जिंकते.

वर्गाबाहेरही पाणी असंच फसवतं. मुरबाडच्या बाजूने नाणेघाटात जाणाऱ्यांना पावसाळ्यात ‘उलटा धबधबा’ दिसतो. तिथे गुरुत्वाकर्षण मुळीच उलटलेलं नाही. कड्यावर आदळून वर उसळणारा वारा पाण्याचे थेंब उडवतो, इतकंच. वारा पडला की पाणीही पडतं.

स्ट्रॉने आपण सरबत ‘ओढतो’, हा समज मोडायला एक गमतीदार प्रयोग आहे. एक स्ट्रॉ सरबतात, दुसरी ग्लासाबाहेर, दोन्ही तोंडात धरून ओढायचं. सरबत चढत नाही, कारण दुसऱ्या स्ट्रॉमधून हवा येत राहते आणि तोंडातला दाब घटतच नाही. एरवी सरबत वर ढकलते ती बाहेरची हवा. या हवेची ताकद पाण्याला जेमतेम १० मीटर चढवण्याइतकीच. मग गावातला हापसा त्याहून कितीतरी खोल बोअरचं पाणी कसं काढतो? तो वरून ओढतच नाही. ‘इंडिया मार्क २’ हा आपला सर्वपरिचित हापसा ‘सोलापूर पंप’ या आधीच्या हातपंपावरून विकसित झाला. त्याचं सिलिंडर खाली बोअरमध्ये, पाण्यात बुडालेलं असतं. दांडा हलला की तिथला दट्ट्या पाणी उचलून वर देतो. हापसा दुरुस्त करायला माणसं आली आणि पाइप एकेक करून बाहेर निघू लागले, की विज्ञानाचा तास तिथेच घ्यावा. शेवटच्या पाइपाला सिलिंडर असतं. त्यातला दट्ट्या आणि झडप मुलांना हाताने हलवून बघता येते.