विश्लेषण : कॅथलिक चर्चमध्ये ‘एक्झॉर्सिझम’ला परवानगी कोण देतं? ६७ वेळा विधी होऊनही ॲनेलीझचा जीव का गेला?

‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ हा २००५ मधला चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हॉस्टेलला आमच्या विंगमध्ये तो एकाच लॅपटॉपवर दहा जणांनी पाहिला होता आणि पुढचे काही दिवस पहाटे तीन वाजता बाथरूमला एकटं जायची कोणाची हिंमत नव्हती. चित्रपटातली एमिली काल्पनिक आहे, पण तिची गोष्ट ज्या मुलीवरून घेतली ती खरी होती. ॲनेलीझ मिशेल हे तिचं नाव. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातली, शिक्षिका होण्यासाठी वुर्झबर्गला शिकणारी. १ जुलै १९७६ रोजी राहत्या घरी तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि वजन होतं जेमतेम ३१ किलो.

त्याआधीच्या नऊ-दहा महिन्यांत तिच्यातली ‘दुष्ट शक्ती’ घालवण्यासाठी ६७ वेळा विधी झाला होता. तोही चोरून नव्हे, तर बिशपच्या परवानगीने.

श्रद्धा नेमकी काय आहे?

एक्झॉर्सिझमचं मूळ थेट शुभवर्तमानांत आहे. येशू ख्रिस्ताने अशुद्ध आत्म्यांना हुकूम केला आणि ते निघून गेले, असे अनेक प्रसंग तिथे येतात. सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानातला आहे. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा एक माणूस. त्याच्यातले आत्मे आपलं नाव ‘सैन्य’ सांगतात, कारण ते पुष्कळ असतात. येशूच्या परवानगीने ते सुमारे दोन हजार डुकरांच्या कळपात शिरतात आणि तो कळप कड्यावरून समुद्रात कोसळतो.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार इथे ताकद देवाची आहे. मंत्राची नाही, विधी करणाऱ्या माणसाचीही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात याचा एक मजेशीर दाखला आहे. स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरून पाहिलं, तर त्या झपाटलेल्या माणसाने त्यांनाच इतकं बदडलं की ते उघडेच घराबाहेर पळाले!

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. कॅथलिक पद्धतीने बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हाही एक्झॉर्सिझमची छोटी प्रार्थना म्हटली जाते. म्हणजे हा शब्द चित्रपटांनी भयानक केला असला, तरी त्याचं साधं रूप दर रविवारी कुठे ना कुठे घडत असतं.

मग डॉक्टरांचं काय?

गंभीर प्रकरणात होणाऱ्या मोठ्या विधीला मात्र कडक नियम आहेत. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतला ११७२ वा नियम सांगतो की, स्थानिक बिशपच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही तो करू शकत नाही. परवानगीही फक्त अभ्यासू, विवेकी आणि स्वच्छ चारित्र्याच्या धर्मगुरूलाच मिळते.

त्याहून जुना आणि जास्त महत्त्वाचा आहे १६१४ चा विधिग्रंथ. माणूस झपाटला आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका, असं तो सुरुवातीलाच बजावतो. आधी तो आजारी नाही ना, हे ओळखा. न शिकलेली भाषा बोलणं, दूरच्या किंवा गुप्त गोष्टी सांगणं, वयाला न शोभणारी ताकद दाखवणं ही लक्षणं पाहा. आणि औषध स्वतः देऊ नका, ते काम वैद्यांवर सोपवा. चारशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक ग्रंथात ‘आधी साधी कारणं तपासा’ हे वाचून माझ्यातला इंजिनीअर चकित झाला, हे मान्य करतो.

१९९९ मध्ये आलेल्या सुधारित विधीत वैद्यकशास्त्र आणि मानसोपचारातल्या जाणकारांचा सल्ला घेण्याचा उल्लेख आहे. सैतानाला उद्देशून दिलेला हुकूम त्यात दुय्यम आहे, देवाकडे केलेली विनवणी आधी येते.

ॲनेलीझच्या बाबतीत काय झालं?

१९६८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिला पहिला झटका आला. डॉक्टरांनी अपस्माराचं, म्हणजे फेफऱ्याचं निदान केलं, औषधं सुरू झाली. पण नैराश्य वाढलं, भेसूर चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. काही वर्षं औषधं घेऊनही फरक पडेना, तसा तिचा आणि तिच्या अत्यंत धार्मिक घराचा डॉक्टरांवरचा विश्वास उडत गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये बिशपनी परवानगी दिली. मग आठवड्यातून एक-दोनदा, कधी चार-चार तास विधी चालू राहिला. त्याच्या टेप करून ठेवल्या होत्या. शेवटच्या काळात तिने खाणं जवळपास सोडलं होतं आणि घरात डॉक्टर मात्र येत नव्हता.

दोन्ही धर्मगुरू १६१४ च्याच ग्रंथानुसार विधी करत होते. वैद्यांवर सोपवा, हे त्याच पुस्तकात छापलेलं होतं.

१९७८ मध्ये आशाफेनबर्गच्या न्यायालयात खटला चालला. बचाव पक्षाने त्या टेप न्यायालयात ऐकवल्या. पण ती झपाटलेली होती की नव्हती, यावर निकाल ठरला नाही. वेळेत डॉक्टर बोलावला असता तर ती वाचली असती का, एवढाच प्रश्न उरला. आई-वडील आणि दोन्ही धर्मगुरू निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरले. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. गंमत म्हणजे सरकारी पक्षाने याहून सौम्य शिक्षा मागितली होती.

हे प्रकरण अस्वस्थ करतं, कारण त्यात नेहमीचा खलनायक सापडत नाही. कोणी पैसे उकळले नव्हते. विधी तिच्या संमतीने चालला होता. आई-वडिलांचं तिच्यावर प्रेम होतं.

महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च इथले, कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे विधी मात्र त्यातून वगळले आहेत. वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्याबद्दलही वेगळं कलम आहे. त्यात कुत्रा, साप आणि विंचू चावण्याचा उल्लेख आहे. फेफऱ्याचा नाही.