पिशवी, चर्च आणि ऐकीव माहिती

‘ख्रिस्ती बायकांना पिशवी काढायची परवानगीच नसते म्हणे.’ बीड जिल्ह्यात गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला, की कोणीतरी हे वाक्य टाकते. वर पुस्तीही जोडते: बाई मेली तरी चालेल, पण पोर झालेच पाहिजे, असे चर्च सांगते. ऐकून ऐकून कान किटले. दोन्ही विधाने चूक आहेत.

कॅथलिक चर्चचे पोप पॉल सहावे यांनी 1968 साली ‘हुमाने वीते’ हे परिपत्रक काढले. गर्भनिरोधनावरील बंदीमुळे ते गाजले. बंदी आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. गर्भनलिका बांधण्याची शस्त्रक्रियाही तिच्यात येते. पण त्याच पत्राचा पंधरावा परिच्छेद वाचायची तसदी कोणी घेत नाही. आजारावरच्या आवश्यक उपचाराने मूल होण्याची क्षमता गेली, तरी तो उपचार निषिद्ध नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या बाईला फादरांची चिठ्ठी आणावी लागत नाही. बाळंतपणात किंवा सिझरच्या वेळी गर्भाशयाला इजा होऊन आईचा जीव धोक्यात आला तर ते काढणे योग्य, असे उत्तर व्हॅटिकनने 1993 मध्ये दिले. व्हॅटिकनच्याच डिसेंबर 2018 च्या उत्तरात आणखी एक खुलासा आला. गर्भ जगण्याजोगा होईपर्यंत टिकूच शकणार नाही इतके गर्भाशय कायमचे निकामी झाल्याची तज्ज्ञांना खात्री असेल, तर ते काढणे नसबंदी ठरत नाही.

नकार कुठे आहे? आज गर्भाशयापासून धोका नाही, पण पुढचे गरोदरपण जोखमीचे ठरेल, एवढ्याच कारणाने ते काढायला 1993 चेच उत्तर मनाई करते. हा नियम कडक आहे, मला तो पटतोच असे नाही. पण ‘बाई मेली तरी चालेल’ हा त्याचा अर्थ नव्हे.

आता बीडकडे या. 2019 मध्ये या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दुखण्याने फडात जाता आले नाही की खाडा, खाड्याचा भुर्दंड आगाऊ उचलीच्या हिशेबात. पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली गेल्याच्या कहाण्याही तेव्हा पुढे आल्या. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाचा 2297 वा परिच्छेद सांगतो, की उपचाराचे निखळ कारण नसताना अवयव काढणे किंवा निर्बीजीकरण करणे नीतीविरुद्ध आहे. म्हणजे मजुरी बुडू नये म्हणून निरोगी पिशवी काढणारे डॉक्टर या नियमाने सरळ दोषी ठरतात. बरे, हे कळायला कॅथलिक असावे लागत नाही. वैद्यकशास्त्रही वेगळे काही सांगत नाही. तरी बोट चर्चकडेच!

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतो. चर्च शरीरालाच पाप मानते, हे खोटे. लग्नाला तुच्छ लेखणाऱ्यांचा निषेध चौथ्या शतकातल्या गांग्रा परिषदेने केला होता, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 ते 1984 या काळात शरीराच्या प्रतिष्ठेवर भाषणांची मालिकाच दिली. शुद्ध आचरण म्हणजे ब्रह्मचर्य, हेही खोटे. ते नवरा-बायकोलाही सांगितले आहे आणि त्यांचा शरीरसंबंध चर्च पवित्र मानते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडेच राहावे लागते? नाही. जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा चर्चच्या कायद्याच्या 1153 व्या कलमात आहे. चर्चने लग्न रद्दबातल ठरवले की झाला घटस्फोट, असे समजणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा मॉली जोसेफ खटल्याचा निकाल पाहावा: चर्चच्या न्यायासनाचा निर्णय दिवाणी कायद्यात चालत नाही. दुसरे लग्न करायचे, तर कोर्टाचा हुकूम आधी हवा.