बोन्सायची ढोली आणि वरळीचा पाऊस

वरळीला जपान परका नाही. डॉ. ॲनी बेझंट मार्गावर पोदार रुग्णालयाजवळ निचिदात्सु फुजी गुरुजींच्या पंथाचं जपानी मंदिर आहे. बोन्सायही मुंबईच्या गच्च्या-गॅलऱ्यांत कधीच रुळलं. इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाने ते इथे शिकवलं, वाढवलं. वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल कुंडीत आनंदाने राहतात. टिकत नाही ते त्यांच्यावरचं मेलेलं लाकूड.

जपानी बोन्सायमध्ये वाळून पांढरी पडलेली फांदी म्हणजे जिन, आणि साल गेलेला खोडाचा पट्टा म्हणजे शारी. शिकोकूच्या कड्यांवरच्या शिम्पाकू जुनिपरवर निसर्गच हे घडवतो. त्याचं लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं असल्याने वारा-बर्फ सोसत ते वर्षानुवर्षं उभं राहतं. वडाच्या लाकडात ती राळ नाही. गंमत अशी की हेच लाकूड पाण्याखाली चांगलं टिकतं. पूर्वी विहिरीच्या तळाच्या कड्यासाठी ते वापरत. पाण्याखाली बुरशीला हवा मिळत नाही. कुंडीत हवा आणि पाणी दोन्ही भरपूर मिळतात, म्हणून तेच लाकूड भुसभुशीत होतं. बोगनवेलीचं तर त्याहून लवकर, पापुद्रे सुटत.

लाकडात साधारण वीस टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. श्रावणातली दमट हवा लाकडाला या हद्दीपर्यंत आणते. ओलांडायला लावतं ते साचलेलं पाणी. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून माझ्या मते इथे मेलेलं लाकूड जपणं म्हणजे आधी पाण्याला वाट काढून देणं. औषध त्यानंतर.

कुजलेल्या भागात टोचा घालून पाहावा. जिथपर्यंत तो लोण्यात शिरावा तसा शिरतो, तेवढंच लाकूड पटाशीने आणि ताठ ब्रशने काढायचं. घट्ट लागलं की हात थांबलाच पाहिजे. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजलेल्या भागाभोवती भिंत उभारून त्याला कोंडून ठेवतं. हौसेने आणखी खोल कोरलं तर ती भिंतच फुटते आणि कुज जिवंत लाकडात उतरते. खोडात वाटीसारखा खळगा झाला असेल तर त्याच्या तळातून पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा. सिमेंटने किंवा लांबीने बुजवू नये. आत ओल अडकते.

मग चुना-गंधकाचं द्रावण. लावताना नारिंगी-पिवळं, सुकताना पांढरं होतं. ते बुरशी मारतं, पण वरवरचंच; पावसाने धुपतं. म्हणून एकदा मेच्या उन्हात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात लावावं. कुंडीतली माती प्लास्टिकने झाकावी, हातमोजे घालावेत. कुजक्या अंड्यांचा वास येतो, त्यामुळे काम गच्चीवरच करावं. ॲसिडच्या जवळ तर ही बाटली ठेवूच नये, विषारी वायू सुटतो.

ठिसूळ झालेलं, तरीही ठेवण्याजोगं लाकूड घट्ट करायला पॅरालॉइड बी-72 ही राळ ॲसिटोनमध्ये पातळ करून शोषवतात. संग्रहालयांत जुन्या वस्तू जपणारे तीच वापरतात. लाकूड मात्र आधी कोरडं ठणठणीत हवं. ओल्यावर लेप दिला तर आतली ओल आतच राहते आणि चकचकीत कवचाखाली कुज निवांत पुढे सरकते. बिघडलेली कामं पाहिली तर बहुतेक वेळा दोष घाईचा असतो.

सगळ्यात आधी कुजतो तो मातीला टेकलेला भाग. तिथे लेप पुरत नाही. खोडालगतची माती खाली करून लाकूड मोकळं ठेवावं लागतं.

वडावर पांढरे जिन काढायचा हट्ट मला पटत नाही. आपल्या गावचे म्हातारे वड तसे दिसतच नाहीत. त्यांना ढोली असते आणि भोवती पारंब्या. कुंडीतल्या वडालाही पाणी निथळणारी ढोली शोभते. बाजूने पारंब्या जमिनीत उतरवल्या की त्या खोड होऊन भार उचलतात. ज्यांना कोरीव कामच करायचं आहे त्यांनी चिंच घ्यावी. तिचा गडद गाभा लहान पण फार कठीण, किडीला सहज न बधणारा. बाहेरचं फिकट लाकूड झडलं तरी तो उरतो. मेअखेर द्रावण सुकलं की ती चिंच उजेड येईल अशा पारदर्शक पत्र्याखाली न्यावी आणि पाणी झारीने थेट मातीत घालावं.