पहिला संगणक : बेताच्या खर्चातील जुळणी

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर एकेकाळी विडी उद्योगासाठी ओळखले जाई. पुढे सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ यांनी या गावास नवी ओळख दिली. १९६१ मध्ये येथे महाविद्यालय निघाले आणि १९८३ मध्ये अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील विद्यार्थीही शिक्षणासाठी येथे येतात. अशा एखाद्या शेतकरी कुटुंबातील मूल बारावी ओलांडून पुढे गेले की संगणकाचा प्रश्न हमखास उभा राहतो. उसाचे बिल किंवा दुधाचा पगार हाती आला की त्यातून ही खरेदी व्हायची असते. रक्कम बेताची असते आणि खरेदी चुकल्यास ती भरून काढण्यास दुसरी रक्कम हाताशी नसते. कोणता संगणक घ्यावा, हे विचारण्यास लोक बहुधा गावच्या शिक्षकाकडे अथवा ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाकडे जातात. सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेणे हा या प्रश्नाचा एक चांगला मार्ग आहे. मात्र कोठे खर्च करावा आणि कोठे थांबावे, हे आधी ठरले पाहिजे.

सुट्या भागांतून संगणक जोडता येतो, यामागे थोडा इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. घाईने यंत्र तयार करावयाचे असल्याने कंपनीने त्यातील प्रोसेसर इंटेलकडून आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली व यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्धही केली. परिणामी इतर उत्पादकांना त्यास जुळणारे भाग आणि यंत्रे बनविता आली. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल झाले. सुट्या भागांची पेठ म्हणून मुंबईचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड, नावारूपास आला. त्या काळी संगणकावर मराठी उमटविण्यासाठी ‘जिस्ट’ नावाचे वेगळे कार्ड यंत्रात बसवावे लागे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने हे कार्ड देशभर पोहोचविले. आज ते काम सॉफ्टवेअरच करते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

काम कोणते, हे आधी

यंत्र निवडण्यापूर्वी कामाची यादी करावी. लेखन, हिशेबतक्ते, ऑनलाइन तासिका, स्पर्धा परीक्षेची तयारी, सी, जावा वा पायथन या भाषांतील प्रोग्रॅमिंग, दूध संस्थेचे दप्तर : यांपैकी कशासही वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि अर्थातच खेळ यांना ते लागते. पहिल्या संगणकात ते न घेणे हीच सर्वांत मोठी बचत होय, आणि पुढे गरज भासल्यास मदरबोर्डवर त्याची जागा राखीव असतेच.

तथापि ग्राफिक्स कार्ड वगळावयाचे तर चित्र उमटविण्याची सोय प्रोसेसरमध्येच हवी. येथे एका अक्षराने फसगत होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त दिसतो, पण घरी आणल्यावर पडदा काळाच राहतो. एएमडी कंपनीच्या एएम-४ या बैठकीच्या प्रोसेसरमध्ये उलट आहे : नावाअखेर ‘जी’ असेल तरच चित्राची सोय मिळते. २०२१ मधील रायझन ५ ५६००जी हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात ६ गाभे आहेत आणि त्याचे औष्णिक मान ६५ वॅट आहे. विद्यार्थ्याच्या कामास एवढे पुष्कळ होते. एएम-५ ही नंतरची बैठक (२०२२) केवळ डीडीआर-५ मेमरी स्वीकारते. तीवर पुढील वाढीस अधिक वाव आहे, परंतु प्रारंभीचा खर्च वाढतो.

मेमरीबाबत, म्हणजे रॅमबाबत, एक बारकावा दुकानात सहसा सांगितला जात नाही. ग्राफिक्सची सोय प्रोसेसरमध्येच असली की तिला स्वतःची मेमरी नसते. ती मुख्य रॅममधूनच वाटा घेते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या दोन वाहिन्यांत बसविल्यास तेच यंत्र चित्राच्या कामात लक्षणीय वेगाने चालते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून तिला प्रचंड मागणी आली. एवढा खर्च पेलत नसेल तर ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि तिचा नेमका प्रकार व वेग बिलावर लिहून घ्यावा, म्हणजे वर्षभराने जुळती दुसरी घेता येईल.

साठवणुकीसाठी मुख्य यंत्रणा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ठेवू नये. ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्यावी. यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो तो तिच्यामुळेच. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकातही हा एकच भाग बदलला तर त्यास पुन्हा कामाचे दिवस येतात.

वीजपुरवठा : काटकसरीची जागा नव्हे

ग्राहक प्रोसेसरची चौकशी तासभर करतो आणि पॉवर सप्लाय पेटीबरोबर फुकट आला म्हणून आनंदाने घेतो. वास्तविक २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर पुरवठा करणारा हा भाग बिघडला तर तो एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही घेऊन जाऊ शकतो. ग्रामीण भागात दाब कमी-अधिक होतो आणि वीज जाऊन एकाएकी परतते, तेव्हा ही परीक्षा रोजची असते. नामांकित उत्पादकाचा, ‘८० प्लस’ हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला ४५० वॅटचा पुरवठा वर वर्णिलेल्या यंत्रास भरपूर होतो. पेटी मात्र साधी चालेल. पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाईल एवढे पाहावे. काचेच्या भिंती आणि रंगीत दिवे यांवरील पैसे एसएसडीकडे वळवावेत.

यंत्र आणण्यापूर्वी घरातील अर्थिंग तपासून घेणे अगत्याचे आहे. तीन टोकांच्या सॉकेटमधील तिसरी तार अनेक जुन्या घरांत कोठेच जोडलेली नसते. अशा ठिकाणी पेटीच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात आणि दोष संगणकाला दिला जातो. वायरमनकडून ही तपासणी करून घेण्याचा खर्च संगणकाच्या अंदाजपत्रकातच धरावा. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नये. बाजारातील ६०० व्हीएचे साधे यूपीएस बहुधा ३६० वॅटच भार पेलते. ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक आणि पडदा मिळून क्वचितच दीडशे वॅटपुढे जातात, तेव्हा तेवढे पुरते. त्याचा उपयोग काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता आहे. भारनियमनात तासभर काम करण्यासाठी ते नव्हे.

किमती आठवड्यागणिक बदलतात. म्हणून किमान दोन ठिकाणची भागवार दरपत्रके घ्यावीत. ३२ इंचांपर्यंतच्या पडद्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो भागांच्या किमतीत धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर हवा. जुळविलेल्या संगणकाची हमी एकत्र नसते, ती प्रत्येक भागाची स्वतंत्र असते, आणि बिलाविना ती मिळविणे दुरापास्त होते.

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक नूतनीकृत म्हणून स्वस्तात मिळतात. तो पर्याय त्याज्य नाही, परंतु प्रोसेसरची पिढी पाहूनच घ्यावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यास इंटेल कोअर मालिकेची साधारणतः आठवी वा त्यापुढील पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. त्याहून जुने यंत्र घ्यावयाचे झाल्यास त्यावर लिनक्स वापरण्याची तयारी हवी. सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली मोफत असून भारतीय भाषांची सोय तीत आहे.

प्रत्यक्ष जुळणी

ज्यास पेचकस धरता येतो त्यास हे काम दुपारभरात जमते. अंगातील स्थिर वीज उतरविण्यासाठी आधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बैठकीच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. येथे जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे. त्यावर वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप लावून पंखा बसवावा, मात्र नव्या पंख्यावर लेप आधीच असल्यास पुन्हा लावू नये. रॅमची पट्टी याउलट दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. सर्व पेटीत बसविण्यापूर्वी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा सुरू करून पाहावा. दोष असलाच तर तो तेथेच कळतो. वीजपुरवठ्याच्या दोन तारा असतात : २४ टोकांची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ टोकांची. दुसरी विसरली की पंखे फिरतात, पण चित्र येत नाही. नवशिक्यांच्या पुष्कळशा ‘बंद’ संगणकांचे कारण एवढेच असते.

प्रणाली बसविल्यावर भाषेच्या यादीत मराठी निवडून इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू करावा. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा उघडतो, त्यामुळे वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही.

ही माहिती शाळांनाही उपयोगी पडेल. शासकीय खरेदीचे नियम निराळे असल्याने शाळेने सुटे भाग जोडून संगणक उभारावा, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु २००४ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या आयसीटी योजनेसारख्या उपक्रमांतून आलेल्या यंत्रांपैकी एखादे कोपऱ्यात झाकून ठेवलेले असेल, तर ते भंगारात काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. धूळ पुसून, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसविल्याने काही यंत्रे चालू होतात. प्रत्येक वेळी दिनांक मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदलावा. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.