शब्दांशिवाय म्हटलेली कविता

कविता म्हणण्याच्या आपल्याकडे कितीतरी तऱ्हा आहेत. कीर्तनकार अभंगाची ओळ बोलता बोलता गाऊ लागतो. मुशायऱ्यात एक शायर तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर, गझल पेश करतो. दुसरा नुसती म्हणतो, त्याला तहत म्हणतात. या साऱ्या तऱ्हांमध्ये एक गोष्ट ठरलेली असते. शब्द ऐकणाऱ्याच्या कानावर पडतातच. पण श्रोतेहो, एका माणसानं आपली कविता एकही शब्द न उच्चारता, केवळ सॅक्सोफोनमधून म्हटली. तिची रेकॉर्ड निघाली आणि आजही ती ऐकली जाते. त्या माणसाचं नाव जॉन कोल्ट्रेन. तो जॅझवादक होता. ही कविता म्हणण्यापर्यंत तो कसा पोहोचला, ते आज आपण पाहू.

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या हॅम्लेट या छोट्या गावातला. बालपण गेलं त्याच राज्यातल्या हाय पॉइंटमध्ये. वडील शिंपीकाम करायचे आणि हौसेनं वाद्यं वाजवायचे. आई पियानो वाजवायची. आईचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. काळ्या समाजातल्या चर्चमधलं प्रवचन हा निम्मा संगीताचाच प्रकार असतो. वक्ता बोलता बोलता आवाज चढवतो, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतो, मग ठरलेल्या सुरावर उतरतो. ही लय मुलाच्या कानात लहानपणीच बसली असणार.

तो बारा वर्षांचा असताना थोड्याच महिन्यांत वडील गेले, आजोबा गेले, घरातली आणखीही माणसं गेली. याच सुमारास त्याच्या हाती क्लॅरिनेट आणि पुढे सॅक्सोफोन आला. १९४३मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला. जून १९४५मध्ये त्यानं तिथं चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकलं. पार्कर म्हणजे बीबॉप या जलद, अवघड शैलीचा बादशहा. त्यानंतर कोल्ट्रेनचा रियाज थांबला नाही. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो फुंकर न घालता नुसती बोटं फिरवत बसायचा, असं सांगतात. नौदलाच्या बँडमध्ये वर्षभर काढून तो परत आला, वेगवेगळ्या ताफ्यांतून हिंडला आणि १९५५मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात दाखल झाला.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मेहनती कलावंताची वाटेल. पण मधल्या काळात त्याला हेरॉइनचं आणि दारूचं व्यसन लागलं होतं. तो मंचावर पेंगायचा, मळक्या कपड्यांत यायचा. १९५७च्या वसंतात डेव्हिसनं त्याला ताफ्यातून काढलं. कोल्ट्रेन फिलाडेल्फियाला आईच्या घरी गेला आणि त्यानं व्यसन सोडलं. त्या वर्षी आपल्याला ईश्वरकृपेनं जाग आली, असं त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलं. आता त्याच्याकडे बरोबर दहा वर्षं उरली होती. अर्थात हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

मे १९५७च्या अखेरीस त्यानं स्वतःच्या नावाची पहिली एलपी ध्वनिमुद्रित केली. त्याच उन्हाळ्यात तो पियानोवादक थेलोनियस मंककडे रुजू झाला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवताना मंक मध्येच पियानोवरून उठायचा, मंचावर गिरक्या घ्यायचा आणि कोल्ट्रेनला एकट्याला मैदान मोकळं करून द्यायचा. ही एक प्रकारची तालीमच होती. सप्टेंबरमध्ये ‘ब्लू ट्रेन’ ही एलपी झाली. ती ध्वनिमुद्रित करणारे रूडी व्हॅन गेल्डर तेव्हा व्यवसायानं डोळे तपासून चष्मे देणारे होते, आणि त्यांचा स्टुडिओ म्हणजे न्यू जर्सीतल्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना.

जॅझमध्ये नवनिर्मिती कशी होते, तेही इथं सांगायला हवं. वादक आधी एक धून वाजवतो. त्या धुनेखाली स्वरसमूहांची, म्हणजे कॉर्ड्‌सची, एक साखळी असते. धून संपली तरी साखळी फिरत राहते आणि तिच्या आधारानं वादक उपज करतो. आपल्याकडे तबलजी ठेका धरून असतो आणि गायक आवर्तनं भरतो, साधारण तसंच. फरक इतकाच, की इथं तालासोबत स्वरांचा आधारही सतत बदलत असतो.

कोल्ट्रेननं ही साखळी अवघड करत नेली. एकेका कॉर्डवर तो इतके स्वर ओतायचा, की १९५८मध्ये एका समीक्षकानं या वादनाला ‘सुरांच्या चादरी’ असं नाव दिलं. त्याचा कळस झाला मे १९५९मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. या धुनेत षड्जच उड्या मारतो. आधी एक सा, मग त्याचा कोमल धैवत हाच सा, मग मूळचा गंधार हाच सा. सप्तकाचे तीन सारखे भाग, आणि एवढी उलथापालथ धावत्या लयीत. मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं तर टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकही त्यात अडखळताना ऐकू येतो.

गंमत अशी, की त्याच्या दोनच आठवडे आधी कोल्ट्रेन, पुन्हा माइल्स डेव्हिसच्याच ताफ्यातून, ‘काइंड ऑफ ब्लू’ संपवून आला होता. ती एलपी अगदी उलट्या वाटेची. तिच्यात कॉर्ड्‌स थोड्या, आणि एकेका स्वरपंक्तीवर निवांत रेंगाळणं. ‘जायंट स्टेप्स’ या एलपीतही एक धून अशीच शांत आहे. तिचं नाव ‘नईमा’. आपल्या मोहल्ल्यातलं वाटावं असं हे नाव कोल्ट्रेनच्या पहिल्या पत्नीचं. तिनं इस्लाम स्वीकारला होता. या धुनेत बास हे तंतुवाद्य बराच वेळ एकच स्वर धरून ठेवतं, तंबोऱ्यासारखा, आणि सॅक्सोफोन त्यावर अगदी मोजके स्वर ठेवतो.

पुढची वाट याच धुनेनं दाखवली, असं मला वाटतं. १९६०मध्ये त्यानं ‘साउंड ऑफ म्युझिक’ या नाटकातलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे साधं गाणं घेतलं आणि दोन कॉर्ड्‌सच्या झुलत्या आधारावर जवळजवळ चौदा मिनिटं फुलवलं. त्यासाठी त्यानं निवडला सरळ नळीचा सोप्रानो सॅक्सोफोन. त्याचा आवाज आपल्या कानांना शहनाईच्या जवळचा वाटतो. पंडित रविशंकरांचं सतारवादन त्याला फार आवडायचं. १९६१मध्ये त्यानं ‘इंडिया’ नावाची धून वाजवली आणि १९६५मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव ठेवलं रवी. तो रवी कोल्ट्रेनही पुढे सॅक्सोफोनवादकच झाला.

सप्टेंबर १९६३मध्ये अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वंशद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये बॉम्ब उडवला. चार काळ्या मुली मेल्या. दोनच महिन्यांत कोल्ट्रेननं ‘अलाबामा’ ही धून ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना कुणीतरी शोकसभेत सावकाश, थांबत थांबत बोलतंय असं वाटतं. वाद्य आता गाण्याकडून बोलण्याकडे वळलं होतं.

१९६४च्या उन्हाळ्याच्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या डिक्स हिल्समधल्या नव्या घरात तो काही दिवस वरच्या मजल्यावर एकांतात बसला. खाली आला तेव्हा तो पर्वतावरून उतरणाऱ्या मोझेससारखा, म्हणजे आपल्या हजरत मूसांसारखा दिसत होता, असं पत्नी अ‍ॅलिसनं नंतर सांगितलं. त्यानं एक चार भागांची रचना तयार केली होती, ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ला व्हॅन गेल्डरांच्या नव्या, उंच छताच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. सोबत पियानोवर मकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वादक बोलावून पहिला भाग पुन्हा वाजवला गेला, पण एलपीवर गेलं ते आदल्या दिवसाचं चौघांचंच वादन.

सुरुवातीला बास चार स्वरांचा एक तुकडा धरतो. शीर्षकाची अक्षरंही चारच. कोल्ट्रेन तो तुकडा बाराही स्वरांना षड्ज मानून फिरवतो, जणू कुठूनही निघालं तरी तेच नाव आलं पाहिजे. मग त्याच्या आवाजात तेच शब्द जपासारखे ऐकू येतात. रेकॉर्डवर उच्चारलेले शब्द एवढेच.

चौथ्या भागाचं नाव ‘साम’, म्हणजे स्तोत्र. एलपीच्या जाकिटावर कोल्ट्रेनची एक प्रार्थनाकविता छापलेली आहे. ती आणि या भागाचं वादन शेजारी ठेवलं, तर सॅक्सोफोन ती कविता ओळीमागून ओळ म्हणत जातो, हे अभ्यासक लुइस पोर्टर यांनी दाखवून दिलं. ठेका नाही. मागे पियानोचे दाट स्वर आणि मोठ्या नगाऱ्यांची घुमक. देवाचे आभार मानणारी ओळ आली, की सूर बहुतेकदा त्याच ओळखीच्या वळणानं खाली उतरून स्थिरावतो. आजोबांच्या प्रवचनासारखा.

मी कविता लिहितो, म्हणून मला याचं विशेष वाटतं. कवी शब्द जपतो, ते ऐकले जावेत म्हणून धडपडतो. कोल्ट्रेननं शब्द लिहिले आणि गिळले. उरला तो श्वास, ओळीची लांबी, तिचं थांबणं आणि आभार मानणाऱ्या माणसाचा आवाज. हे साधायला आधी ‘जायंट स्टेप्स’मधली स्वरांची गर्दी पार करावी लागली. ज्याला काहीही वाजवता येतं, त्यालाच थोडकं वाजवणं परवडतं.

१७ जुलै १९६७ला यकृताच्या कर्करोगानं तो गेला. वय अवघं चाळीस. व्यसन सोडल्यापासूनच्या दहा वर्षांत त्यानं इतकं ध्वनिमुद्रण करून ठेवलं, की हरवलेल्या टेप्स अजून सापडताहेत. ‘अ लव्ह सुप्रीम’ त्यानं १९६५मध्ये सिएटलच्या एका क्लबमध्ये वाजवलं होतं. ते ध्वनिमुद्रण २०२१मध्ये प्रकाशित झालं.

जॅझ कळत नाही म्हणून बिचकू नका. मूळ एलपी जेमतेम ३३ मिनिटांची आहे. शेवटचा भाग लागला, की जाकिटावरची ती कविता समोर धरा आणि सुरांबरोबर मनातल्या मनात वाचत जा. एकदोनदा ओळ चुकेल. मग सापडेल.