एका साडीच्या सहा पिशव्या

तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांची लग्ने लागत नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या आधी आमच्या पुण्यातली मंगल कार्यालये रिकामी असतात आणि तिथे प्रदर्शने भरतात. साड्यांची, दागिन्यांची, फराळाची आणि हस्तकलेची. अशा प्रदर्शनात नवऱ्याचे काम ठरलेले असते. सौभाग्यवतीने पुढे चालायचे, आणि आपण मागून पिशव्या सांभाळत चालायचे. गेल्या वर्षी मी असाच आमच्या सौ.च्या मागून चाललो होतो. माझ्या दोन हातांत मिळून नऊ पिशव्या होत्या. त्या मी मोजल्या नव्हत्या. दुसऱ्याच कुणीतरी मोजल्या.

"अहो, नऊ झाल्या की तुमच्या!"

मी वळून पाहिले. लग्नात वराकडची मंडळी जिथे ट्रंका आणि अंथरुणे रचून ठेवतात, त्या कोपऱ्यात चार शिलाईची मशिने मांडली होती. दोन पायमशिने आणि दोन विजेची. सात-आठ बायका कामात होत्या. कुणी साड्या कापत होती, कुणी शिवत होती, कुणी इस्त्री फिरवत होती. मला हाक मारणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. आवाजावरून त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवले असावे, हे मी मास्तरच्या जातीचा असल्यामुळे तत्काळ ओळखले. मागे पुठ्ठ्यावर लिहिले होते : 'जुनी सुती साडी आणा. पिशव्या शिवून घेऊन जा. पैसे नाहीत.'

सबंध प्रदर्शनात 'पैसे नाहीत' असे लिहिलेला तेवढा एकच पुठ्ठा होता. साहजिकच तिथे गर्दी नव्हती.

मी जरा सावरून म्हणालो, "नऊ आहेत खऱ्या, पण यांतल्या पाच कापडाच्या आहेत."

बाईंनी त्यांतल्या एका पिशवीच्या बंदाचा लोंबता तुकडा कात्रीने कापला, पाण्याच्या वाटीवर धरला आणि काडी ओढली. तुकडा जळाला नाही. तो आक्रसला, वितळला आणि त्याचा एक कडक मणी झाला. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला. मग त्यांनी साडीची एक चिंधी तशीच पेटवली. कागद जळल्याचा वास आला आणि बोटांवर करडी राख उरली.

"हे कापड," त्या म्हणाल्या, "आणि ते कापडासारखं दिसणारं प्लास्टिक."

दुकानातून मिळणाऱ्या त्या बारीक ठिपक्यांच्या, 'नॉन-वोव्हन' म्हणवणाऱ्या रंगीत पिशव्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्या विणलेल्या नसतात, उष्णतेने दाबून चिकटवलेल्या असतात. इतकी वर्षे मी त्या कापडाच्या समजून ताठ मानेने मिरवीत होतो.

एव्हाना आमच्या सौ. पुढच्या गाळ्यावर पोचल्या होत्या. बाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, "वेळ आहे ना? मग बसा. पिशव्या सुलट करायला माणूस हवाच आहे."

असा मी त्या दिवशी स्वयंसेवक झालो. शिवलेली पिशवी उलटी असते. तिच्यात हात घालून कोपरे बोटाने टोकदार काढायचे आणि तिला सुलट करायचे, एवढेच माझे काम. पण बसल्या जागेवरून सगळे पाहता आले.

पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याची. जुन्या साडीत आधी विरलेला भाग शोधायचा. साडी उजेडासमोर धरली की तो आपोआप दिसतो. तेवढा बाजूला काढायचा, म्हणजे त्याच्या पुसण्या होतात. उरलेल्याचे छत्तीस इंच लांब आणि अठरा इंच रुंद असे तुकडे पाडायचे. वापरून मऊ झालेले कापड एकेरी टिकत नाही, म्हणून दोन तुकडे एकावर एक घ्यायचे. मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या. आधी सुलट बाजूने एक शिवण, मग उलटवून दुसरी, म्हणजे दशा आत बंद होतात आणि कांदे-बटाट्यांना अडकत नाहीत. तळाचे दोन कोपरे तिरके शिवले की पिशवीला बूड येते आणि ती ओट्यावर उभी राहते. पन्ह्यातली उरलेली नऊ इंचांची पट्टी बंदांसाठी. ती चौपदरी दुमडायची. बंद जिथे जोडायचा, तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची, कारण पिशवी फाटते ती बहुधा तिथेच. साडी फारशी विरलेली नसली, तर एका साडीच्या सहा पिशव्या होतात. सराईत हाताला एका पिशवीसाठी अर्धा तास पुरतो.

हा उद्योग पुण्याचा एकट्याचा नव्हे. इंग्लंडमध्ये २००७ साली 'मॉर्सबॅग्ज' या नावाने अशीच टाकाऊ कापडाच्या पिशव्या शिवून वाटण्याची चळवळ सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या बर्ली हेड्स या किनाऱ्यावरच्या वस्तीत २०१३ साली 'बूमरँग बॅग्ज' सुरू झाल्या. तिथे स्वयंसेवक पिशव्या शिवून दुकानात ठेवतात. विसरभोळ्या गिऱ्हाइकाने एक उचलून न्यावी आणि पुढच्या खेपेला परत आणून ठेवावी. बूमरँग फेकले की फिरून हाताशी येते, म्हणून हे नाव.

आपल्याकडे ही आठवण आधी पावसाने करून दिली आणि मग कायद्याने. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर बुडण्याची कारणे पुष्कळ होती. पण गटारांच्या तोंडाशी बसलेले प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे सर्वांच्या डोळ्यांत भरले. २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला आणि त्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद! त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले यच्चयावत पुरुष हातात कापडी पिशवी घेऊन फिरताना दिसत होते. पुढे भीती ओसरली आणि तिच्याबरोबर पिशव्याही गेल्या.

पिशव्या उलटता उलटता मला माझे वाचन आठवले. प्राध्यापकाला आपले वाचन नको त्या ठिकाणी आठवतेच. मी म्हणालो, "बाई, राग मानू नका. २०१८ सालीच डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवायला पाणी, खत, औषधे फार लागतात. म्हणून सगळ्या बाजूंनी हिशेब केला, तर साध्या कापसाची पिशवी ७,१०० वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असे त्यांचे म्हणणे आहे. रोज एकदा नेली, तरी एकोणीस वर्षे उलटून जातील!"

दोन मशिने थांबली. मला वाटले, आपण फार मोठा पेच टाकला.

"ते नव्या कापडाच्या पिशवीला ना?" बाईंनी विचारले. "ही साडी वीस वर्षं नेसून झालीये. त्या कापसाचं देणं नेसणारीनं आधीच फेडलंय. म्हणून तर आम्ही इथे नवं कापड आणून देत नाही."

मग त्यांनी मलाच उलट विचारले, "आणि नुसत्या हवामानाच्या हिशेबानं किती वेळा म्हणतात?"

"बावन्न."

"तेही नव्या पिशवीला. म्हणजे आठवड्यातून एकदा, वर्षभर. आपल्या पिशवीला तरी बावन्न गाठायला काय हरकत आहे?"

एवढे बोलून त्यांनी एका पिशवीचा आतला भाग मला दाखवला. तिथे बोटभर रुंदीची पांढरी पट्टी शिवलेली होती. दर खेपेला त्या पट्टीवर न धुतल्या जाणाऱ्या शाईने एक रेघ मारायची. बावन्न रेघा झाल्या की पिशवी पास.

"शिवणं काही कठीण नाही हो," त्या म्हणाल्या. "शिवून दिलेल्या पिशव्या कपाटात पडून राहतात. परवा एका घरी मी आमच्या सात पिशव्या पाहिल्या, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. अशा पिशवीपेक्षा ती साडी बोहारणीला दिली असती, तर निदान एक पातेलं तरी आलं असतं."

हे ऐकून मला स्वीडनच्या स्टेन गुस्टाफ थुलिन यांची आठवण झाली. आज सर्व जगाला ठाऊक असलेली, दोन कानांची, एका सलग तुकड्यातून बनवलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी शोधली; १९६५ साली तिचे पेटंट झाले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जातात, त्याला ही हलकी आणि बळकट पिशवी उतारा होईल, असे त्यांना वाटत होते. ते स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत, आणि लोक ती एकदा वापरून फेकतात हे त्यांना चमत्कारिक वाटले असते, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. म्हणजे फेकून द्यायची पिशवी थुलिन यांनी केली नाही. फेकणे आपण शोधून काढले.

माझी आई थुलिन यांच्या पंथाची होती. तिला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुकानातून आलेली प्रत्येक पिशवी ती धुऊन दोरीवर वाळत घाली आणि घडी करून गादीखाली ठेवी. दुधाच्या पिशव्या धुऊन रद्दीवाल्याला देई. आणि वडिलांची पँट गुडघ्यावर विरली की तिच्या पायाची ती पिशवी शिवी. खाली शिवण, वर दोन बंद. खाकी, करड्या, तपकिरी अशा त्या पिशव्या दाराआड खुंटीवर लटकत.

१९९५ च्या सुमारास मी पंधरा वर्षांचा होतो. एके दिवशी आईने मला त्यांतली एक पिशवी देऊन वाण्याकडे पाठवले. कोपऱ्यावर वर्गातली मुले उभी होती. त्या पिशवीला पँटचा मागचा खिसा, बटणासकट, तसाच होता. मी ती शर्टात कोंबली, वाण्याकडून नवीकोरी चकचकीत पिशवी मागून घेतली आणि घरी आलो. आईने सामान काढून घेतले, नवी पिशवी धुऊन दोरीवर टाकली आणि विचारले, "आपली पिशवी कुठाय?" मी शर्टातून ती काढून दिली. ती काही बोलली नाही. पण नंतर तिने मला कधी ती पिशवी दिली नाही. मला पाठवायचे असले, की गादीखालची एक काढून देई.

आईला जाऊन आता तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी त्या प्रदर्शनाच्या वेळी तिच्या साड्या आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर बोचक्यात बांधलेल्या होत्या. सौ.ने एक-दोनदा विषय काढला होता, आणि मी दोन्ही वेळा "पाहू" म्हटले होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वतःच बोचके खाली काढले. तिची रोजची एक निळी सुती साडी होती, पदराजवळ दोन ठिकाणी रफू केलेली. दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, मी ती घेऊन गेलो.

बाईंनी साडी उजेडासमोर धरली. "कुणाची?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पहिला काप तुम्ही द्या. नाहीतर घरी जाऊन आम्हाला बोल लावाल."

खडूच्या रेघेवर मी कात्री चालवली. कापड इतके मऊ झाले होते की आवाजसुद्धा आला नाही. रफूचा भाग वगळू का, असे एकीने विचारले. मी नको म्हणालो. तो भाग एका पिशवीच्या दर्शनी बाजूला आला आहे.

सहा पिशव्या झाल्या. दोन बहिणीला दिल्या, दोन शेजारी. एक आमच्या मुलाला दिली. तो पंधरा वर्षांचा आहे. त्याने ती घेतली, रफूकडे पाहिले आणि विचारले, "आजीचं का?" पुढे तो ती क्लासला नेतो की दप्तरात दडवतो, हे मी पाहायला गेलो नाही. तो अधिकार मला नाही.

सहावी माझी. दाराआड खुंटी राहिली नव्हती, ती ठोकून घेतली. पहिल्या महिन्यात मी पिशवी चार वेळा विसरलो, आणि त्यातल्या दोन वेळा जिना चढून परत आलो. मग सौ.ने स्कूटरची किल्लीच त्या खुंटीवर अडकवायला सुरुवात केली, तेव्हापासून बरे चालले आहे.

आज हा लेख लिहिण्यापूर्वी पट्टीवरच्या रेघा मोजल्या. एक्केचाळीस आहेत. वर्ष संपत आले, बावन्नाला अकरा कमी पडल्या. परीक्षेत मी मुलांना दोन-तीन गुणांची कृपा करतो, अकरांची करीत नाही. तेव्हा मी नापास आहे हे कबूल करतो.

रवा, बेसन, पोहे आणि पणत्या अजून आणायच्या आहेत. एवढ्यात सौ.ने हाक मारली आहे. निघतो. किल्ली घ्यायला खुंटीकडे जायचेच आहे.