कुत्र्याचा म्हातारचळ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत म्हाताऱ्या कुत्र्याविषयी एक तक्रार नेहमी कानावर येते. आयुष्यभर पायरीवर बसून, पुढ्यात पडेल ते निमूट खाणारा कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला की चोर होतो. भाकरीची दुरडी पाडतो, चुलीजवळच्या टोपात तोंड घालतो, पोराच्या हातातले बिस्किट ओढतो आणि ‘हाड’ म्हटले तरी जागचा हलत नाही. यासाठी आपल्याकडे शब्द तयारच आहे : म्हातारचळ. नेरळपासून खोपोलीपर्यंत गावठाणांत, ठाकूरवाड्यांत आणि मुंबईकरांच्या फार्महाउसांवर कुत्र्यांविषयीच्या नोंदी करत हिंडताना मी हा शब्द पुष्कळदा ऐकला. तो बहुधा हसत उच्चारला जातो. त्यामागून येणारे उपाय मात्र हसण्यासारखे नसतात. साखळी आखूड होते, पाठीत काठी बसते, जेवण निम्म्यावर येते. क्वचित एखाद्या टेम्पोतून कुत्र्याला लांब नेऊन सोडलेही जाते.

म्हणून या ‘चळा’चा नीट विचार करायला हवा. ज्याने पूर्वी कधी चोरी केली नाही, तो कुत्रा उतारवयात चोरी करू लागला, तर ती अनेकदा शरीरात काहीतरी बदलल्याची खूण असते. ती खूण ओळखता आली, तर काठीऐवजी उपचार हाती येतो.

चोरी म्हणजे काय?

कुत्र्यावरचा चोरीचा आळ फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभीच सरमा या देवशुनीच्या पिल्लाची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञात गेलेल्या त्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. ते रडत आईकडे येऊन सांगते, की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही. अपराध नसताना मारल्याबद्दल सरमा राजाला शाप देते. आपल्या वारकरी परंपरेत याच्या दुसऱ्या टोकाची कथा आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. श्राद्धाच्या पंचबलीतही गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचा वाटा काढलेला असतो. म्हणजे अन्नावर कुत्र्याचा काही हक्क आहे, हे आपण पूर्वीपासून मानत आलो आहोत.

जीवशास्त्रही तेच सांगते. कुत्रा माणसाच्या उरल्यासुरल्यावर माणसाळला. स्वीडनमधील एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. आपल्याकडचा कुत्रा तांदळाच्या भाकरीवर आणि पेजेवर जगतो, तो या जोरावर. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. ज्याला मांसाचा वास येतो ते आधी खा, असा या कुत्र्यांचा ढोबळ नियम त्यांना आढळला. सुकटीच्या डब्याभोवती घोटाळणारा कुत्रा हाच नियम पाळत असतो.

राहिला प्रश्न अपराधाचा. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. कान पाडणे, नजर चुकवणे हा ज्याला आपण ओशाळलेपणा म्हणतो तो भाव कुत्र्याने खरोखर खाल्ले की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला, की तो दिसे. म्हणजे तो भाव मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद होता. हे लक्षात घेतले, की म्हाताऱ्या कुत्र्याच्या ‘निर्लज्जपणा’चा उलगडा होऊ लागतो. त्याला आपला राग ऐकूच आला नसेल, तर तो ओशाळणार कसा?

कुत्र्याचे म्हातारपण आपल्याला नवे

गावात कुत्री पूर्वापार आहेत. म्हातारी कुत्री मात्र थोडी. भद्रा यांच्याच गटाने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 364 मोकाट पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के पिल्ले सात महिन्यांपर्यंत जगली होती. ज्या प्राण्याचे बहुतेक आयुष्य पिल्लूपणातच संपते, त्याच्या वार्धक्याची लक्षणे लोकांच्या अनुभवात साठणार तरी कशी? बैलाचे दात पाहून वय सांगणारा माणूस वाडीवाडीत भेटतो. कुत्र्याच्या म्हातारपणाचे असे जाणते मात्र सहसा भेटत नाहीत.

गेल्या दोन-तीन दशकांत चित्र बदलले आहे. फार्महाउसे आली, त्यांबरोबर लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड आले. लस, जंतावरचे औषध आणि रोजचे जेवण मिळू लागले, तशी गावठी कुत्रीही काही घरांत बारा-चौदा वर्षे जगू लागली. फार्महाउसवर आणखी एक अडचण असते. मालक शनिवार-रविवारी येतो, कुत्र्याबरोबर रोज राहतो तो राखणदार. कुत्रा पाणी जास्त पितो, रात्री फिरतो, हे राखणदाराला दिसत असते. दवाखान्याचा निर्णय मात्र मालकाच्या हाती असतो. मालकाच्या कानावर दोन दिवसांत फक्त एक गोष्ट जाते, ती म्हणजे मटण पळवल्याची.

चोरीमागची कारणे

पहिले कारण इंद्रियांचे. वय वाढले, की कान आणि डोळे मंदावतात. नाक त्या मानाने अधिक काळ साथ देते. अशा कुत्र्याला ताटाचा वास येतो, पण ताटामागे बसलेला माणूस स्पष्ट दिसत नाही आणि त्याची हाकही पोहोचत नाही. ज्युलियाने कामिन्स्की यांनी 84 कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, खाण्याची मनाई केलेली वस्तू कुत्री उजेडापेक्षा अंधारात अधिक पळवत असल्याचे दिसले. माणूस पाहतो आहे की नाही, याचा हिशेब कुत्रा करतो. ज्याचे डोळे-कान गेले, त्याचा हा हिशेबच बिघडतो.

दुसरे कारण दातांचे. दात किडले, हिरड्या सुजल्या, की कडक भाकरी चावताना ठणका लागतो. मग कुत्रा आपल्या थाळीतली भाकरी तशीच ठेवतो आणि स्वयंपाकघरातला मऊ भात पळवतो. घरचे म्हणतात, ‘याला आता आपलं गोड लागत नाही, लाड हवेत.’ प्रत्यक्षात त्याला मऊ हवे असते.

तिसरे कारण मेंदूचे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कुत्र्यालाही लागू पडते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत बीटा अॅमिलॉइड हे प्रथिन साचते. अल्झायमर झालेल्या माणसाच्या मेंदूतही तेच साचते. कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात (2001) 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्के आणि 15-16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्के कुत्र्यांत बुद्धिभ्रंशाचे किमान एक लक्षण आढळले. असा कुत्रा दिवसा झोपतो आणि रात्री फिरतो, कोपऱ्यात अडकून उभा राहतो, ओळखीच्या माणसावर भुंकतो, घरात लघवी करतो. वाढलेले दिसूनही न खाता थांबणे ही शिकवलेली गोष्ट आहे. मेंदूचा पुढचा भाग झिजू लागला, की हा शिकवलेला संयम ढिला पडतो. काही कुत्री तर आत्ताच जेवल्याचे विसरल्यासारखी पुन्हा थाळीपाशी येऊन उभी राहतात.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यावर औषध आहे. ते म्हणजे खरीखुरी भूक. कुशिंग विकारात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाजवीपेक्षा जास्त तयार होते. हार्वे कुशिंग यांनी 1932 साली माणसात वर्णन केलेला हा विकार उतारवयातील कुत्र्यांत बराच आढळतो. दहापैकी साधारण आठ रुग्ण कुत्र्यांत त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील छोट्या गाठीत असते. उरलेल्यांत बहुधा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत. या कुत्र्याला सतत भूक आणि तहान लागते, पोट लोंबते, कातडी पातळ होते, दोन्ही कुशींवरचे केस झडतात आणि तो विनाकारण धापा टाकतो. लोंबते पोट पाहून ‘खाऊन माजलाय’ असा शेरा मारला जातो आणि त्याचे जेवण तोडले जाते.

मधुमेहाचे चित्र वेगळे. कुत्रा अधाशासारखा खातो आणि तरी वाळत जातो. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो. या रोगाचे कोडे उलगडले तेच मुळी कुत्र्यांमुळे. 1889 साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाला, आणि 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनची परीक्षा कुत्र्यांवरच घेतली. आज जगभरची माणसे टोचून घेतात ते औषध ज्या प्राण्यामुळे मिळाले, त्याच्या भुकेला आपण चळ म्हणतो.

औषधेही भूक वाढवतात. खाजेसाठी दिलेले प्रेडनिसोलोन, फेफऱ्यासाठीचे फिनोबार्बिटल ही त्यातली नेहमीची. औषध सुरू झाले आणि चोरीही सुरू झाली, असे असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

लॅब्राडोरचा अपवाद इथे नोंदवायला हवा. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 साली दाखवले, की सुमारे चारपैकी एका लॅब्राडोरमध्ये पोटभरीची जाणीव देणाऱ्या पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. हा कुत्रा तरुणपणापासूनच खादाड असतो. म्हणून विचारायचा प्रश्न ‘हा चोरतो का?’ एवढाच नाही. ‘हा कधीपासून चोरतो?’ हे त्याहून महत्त्वाचे.

घरच्या घरी काय पाहावे

पाणी मोजावे. सकाळी मोजून भरलेल्या भांड्यात दुसऱ्या सकाळी किती उरले, ते पाहावे. कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 100 मिलिलीटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याने दोन लिटरहून अधिक प्यायले, तर दवाखाना गाठावा. लघवी केलेल्या जागी मुंग्या लागतात का, ते पाहावे. मधुमेहाची ही खूण आपल्या आयुर्वेदालाही ठाऊक होती. वजन दर महिन्याला करावे. भाताचे पोते तोलायचा काटा त्यासाठी चालतो. पाठीमागून टाळी वाजवून कान तपासावेत, ओठ उचलून दात पाहावेत. चोरी दिवसा होते की रात्री, हे लिहून ठेवावे. एवढी टिपणे घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते. पुढच्या तपासण्यांसाठी परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.

उपायही साधे आहेत. एका वेळच्या जेवणाचे तीन वाटे करावेत, भाकरी पेजेत भिजवून द्यावी, दुरडी उंच शिंक्यात टांगावी. ऐकू न येणाऱ्याला हाताच्या खुणेने बोलवावे. मारून भूक जात नाही. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला लांब सोडून येणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

हे सारे दिवाळीत अधिक निकडीचे होते. घरभर फराळ उघडा असतो, फटाक्यांनी कुत्रा आधीच भेदरलेला असतो आणि पाहुण्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. लाडवांतले बेदाणे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटमधले थिओब्रोमीन हृदयाला बाधते, आणि बिनसाखरेच्या काही मिठायांतले झायलिटॉल रक्तातली साखर झपाट्याने उतरवते. तळलेल्या चकल्या-करंज्यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तरुण कुत्रा एखाद वेळ निभावून नेईल, म्हातारा नेईलच असे नाही. फराळाचे डबे झाकून वर ठेवा. कुत्र्याने बेदाण्याचे लाडू खाल्लेच, तर उलटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि किती खाल्ले हे सांगण्यासाठी उरलेले लाडू मोजून जा.